वेबसाइट नवी झाली, जुन्या लिंकांचे काय?

१ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात गृहप्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले. बोरिवलीच्या लिंक रोडवर किंवा घाटकोपर-मुलुंडच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर पुनर्विकासाच्या जाहिरातफलकांवर आता तो काळा-पांढरा चौकोन दिसतो. त्या चौकोनात एका वेब पानाचा पत्ता असतो. फलक एकदा छापून लागला की त्यातला पत्ता कोणालाही बदलता येत नाही. तो चालू ठेवायचा की मरू द्यायचा, हे फक्त पानाच्या मालकाच्या हातात उरते.

असे बाहेर पडलेले पत्ते आपल्या उपनगरांत घरोघरी आहेत. शाळेने पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली प्रवेशअर्जाची लिंक, पॅथॉलॉजी लॅबने पाठवलेल्या एसएमएसमधली रिपोर्टची लिंक, पतपेढीच्या पासबुकावर छापलेला पत्ता, महाविद्यालयाने नॅकला दिलेल्या वार्षिक गुणवत्ता हमी अहवालातल्या लिंका. वेबसाइटची रचना बदलायला घेतली की बैठकीत रंग, मेन्यू आणि फोटो यांवर तासन्‌तास चर्चा होते. जुना पत्ता घेऊन येणाऱ्या माणसाचा विषय मात्र बहुधा निघतच नाही. नवी साइट सुरू होते आणि त्याच्या मोबाइलवर ‘४०४’ उमटते.

हा लेख त्या माणसाची सोय कशी करायची यासाठी आहे. शाळेचे मुख्याध्यापक, ग्रंथालयाचे कार्यवाह, दवाखाना किंवा दुकान चालवणारे, आणि त्यांच्या साइट बांधून देणारे तरुण, अशा सगळ्यांना तो वापरता यावा.

लिंक मोडली की नेमके काय मोडते

मराठीतले सगळ्यांत बोलके उदाहरण मराठी विश्वकोशाचे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभ्या केलेल्या या वीस खंडांच्या कामाचा मजकूर वेबवर आला, ही मराठी वाचकाला मिळालेली फार मोठी देणगी. पण या नोंदींचे वेबवरचे पत्ते एकाहून अधिक वेळा बदलले. आधी स्वतंत्र डोमेन होते, मग राज्य शासनाच्या डोमेनखालचा पत्ता आला, आणि आता मराठी भाषेच्या शासकीय डोमेनखाली नवी मांडणी आहे. जुन्या रचनेत पत्त्यात खंडाचा क्रमांक होता, नव्या रचनेत नोंदीचा स्वतःचा क्रमांक आहे. या वेगवेगळ्या काळांतले पत्ते मराठी विकिपीडियावरच्या लेखांच्या संदर्भांत, प्रबंधांच्या तळटिपांत आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दिलेल्या टिपणांत विखुरलेले आहेत. नोंद जागेवर असते, तिचा मजकूर शाबूत असतो, तरी जुना पत्ता टिपून ठेवलेल्या वाचकाला ती हरवल्यासारखीच असते.

ही अडचण जगभराची आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. इंग्रजी विकिपीडियाच्या ५४ टक्के पानांवर संदर्भांतली किमान एक लिंक मृत होती. आपल्याकडे शासकीय वेबसाइटसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती २००९ मध्ये आणि तिसरी २०२३ मध्ये आली. तुटलेल्या लिंका नियमितपणे तपासून दुरुस्त कराव्यात, असे ती तत्त्वे सांगतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी सतरा बाबींची माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. त्या माहितीची लिंक मोडली, तर कागदोपत्री जाहीर झालेली माहिती नागरिकाच्या दृष्टीने पुन्हा बंद कपाटात गेली.

पडद्यावरचे आकडे

ब्राउझरने पान मागितले की सर्व्हर तीन अंकी उत्तर देतो. त्यातली सहा उत्तरे ओळखता आली तरी साइट बांधणाऱ्याशी नेमके बोलता येते.

३०१ म्हणजे पान कायमचे हलले, नवा पत्ता हा. ३०२ म्हणजे तात्पुरते हलले. ४०४ म्हणजे या पत्त्यावर काही सापडले नाही. ४१० म्हणजे इथे पान होते, आता जाणीवपूर्वक काढून टाकले आहे. ५०० म्हणजे सर्व्हरच्याच कामात बिघाड, यात पत्त्याचा दोष नाही. ५०३ म्हणजे सेवा थोड्या वेळापुरती बंद. साइट रात्री हलवायची असेल तर त्या वेळात ५०३ द्यावे आणि पुन्हा कधी यायचे तेही सांगावे. त्या काळात ४०४ दिले तर शोधयंत्रांना पाने नाहीशी झाल्यासारखे वाटते.

यापेक्षा फसवी एक स्थिती असते. पानावर ‘सापडले नाही’ असे लिहिलेले असते, पण सर्व्हर मात्र २०० म्हणजे ‘सगळे ठीक’ असे कळवतो. गूगल याला ‘सॉफ्ट ४०४’ म्हणते. अशी चूक माणसाला दिसत नाही, तपासणी करणाऱ्या साधनांनाही सहज सापडत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते.

आधी तक्ता, मग पाडकाम

सोसायटी पुनर्विकासाला जाते तेव्हा कोणाचा जुना फ्लॅट कोणता आणि नवा कोणता याचा तक्ता करारनाम्याला जोडतात. तो तक्ता झाल्याशिवाय शहाणे सभासद जागा रिकामी करत नाहीत. वेबसाइटलाही हाच क्रम हवा. जुनी साइट चालू आहे तोवरच तिच्या पत्त्यांची यादी सहज करता येते. ती बंद झाल्यावर तेच काम अंदाजाचे होते.

यादी एका ठिकाणाहून पुरी होत नाही. पुढची पाच ठिकाणे धुंडाळा.

१. साइटचा साइटमॅप. जी पाने आहेत असे साइट स्वतः सांगते, ती इथे मिळतात.

२. लिंका चालत जाऊन पाने गोळा करणारे साधन. ‘स्क्रीमिंग फ्रॉग’ची मोफत आवृत्ती पाचशे पत्त्यांपर्यंत चालते. शाळा, दवाखाना किंवा ग्रंथालयाच्या साइटला एवढे बहुधा पुरते.

३. गूगल सर्च कन्सोल. कोणत्या पानांवर लोक शोधातून येतात, याची सोळा महिन्यांची माहिती यात असते. तुमच्या साइटवर ते जोडलेले नसेल तर आजच जोडा.

४. सर्व्हरची नोंदवही, म्हणजे अ‍ॅक्सेस लॉग. मेन्यूतून कधीच काढून टाकलेली, पण लोक अजून उघडत असलेली पाने फक्त इथेच दिसतात. होस्टिंग कंपनीकडे मागितल्यास ती मिळते.

५. पडद्याबाहेरचे सगळे. माहितीपुस्तिका, पावत्या, फलक, क्यूआर कोड, नॅकचे अहवाल, व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा पाठवले जाणारे संदेश. ही यादी कोणतेही साधन करून देत नाही. ती कार्यालयातल्या जुन्या लिपिकाला विचारूनच होते.

जमलेले पत्ते एका एक्सेल तक्त्यात घाला. रकाने चार: जुना पत्ता, नवा पत्ता, निर्णय, तपासले का. निर्णय तीनच प्रकारचे असतात. पान हलले, पान दुसऱ्या पानात मिसळले, किंवा पान खरोखर गेले. पहिल्या दोन्हींसाठी ३०१ द्यायचे, तिसऱ्यासाठी ४०४ किंवा ४१०. शेवटचा रकाना कोणीतरी स्वतः लिंक उघडून भरायचा आहे.

पीडीएफ फाइली या तक्त्यातून सुटता कामा नयेत. शुल्काचा तक्ता, परिपत्रके, जुने प्रश्नसंच, वार्षिक अहवाल अशा फाइलींच्या लिंका लोक पानांपेक्षा जास्त पुढे पाठवतात, आणि नव्या साइटवर फाइली पुन्हा चढवताना त्यांचा फोल्डर हटकून बदलतो.

रिडायरेक्ट लावताना

जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर आपोआप पाठवणे म्हणजे रिडायरेक्ट. अपाची सर्व्हरवर तो ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलीत लिहितात, एनजिनएक्सवर त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये, आणि वर्डप्रेसवर ‘रिडायरेक्शन’सारख्या प्लगइनमधून. साधन कोणतेही असो, पुढच्या गोष्टी सारख्याच लागू होतात.

सगळे जुने पत्ते मुखपृष्ठावर वळवू नका. घाईत हाच मार्ग सर्वाधिक वापरला जातो आणि तोच सर्वांत निरुपयोगी आहे. इयत्ता अकरावीच्या प्रवेशाची माहिती मागणारा पालक मुखपृष्ठावर आला की त्याला वाटते, लिंक चुकीची होती. गूगलही अशा वळवण्याला बहुधा सॉफ्ट ४०४ धरते. प्रत्येक जुने पान त्याच विषयाच्या नव्या पानावर जावे. तसे पान नसेल तर ‘सापडले नाही’ हेच प्रामाणिक उत्तर आहे.

साखळी होऊ देऊ नका. २०१८च्या पत्त्यावरून २०२२च्या पत्त्यावर आणि तिथून आजच्या पत्त्यावर, असा प्रवास प्रत्येक टप्प्याला वेळ खातो. गूगलचा बॉट दहा टप्प्यांपर्यंत जातो, पण तीनपेक्षा जास्त टप्पे नसावेत अशी गूगलचीच सूचना आहे. दर वेळी जुन्या नियमांचे शेवटचे टोक आजच्या पत्त्याला बांधा.

भाषा जपा. आपल्या जिल्ह्याच्या शासकीय साइटसारख्या मराठी-इंग्रजी साइटवर मराठी पानाचा जुना पत्ता नव्या मराठी पानावरच गेला पाहिजे. मराठी पान मागणाऱ्या आजीबाईंना इंग्रजी पानावर सोडणे म्हणजे अर्ध्या वाटेत उतरवणे.

प्रश्नचिन्हानंतरचा भाग विसरू नका. जुन्या जूमला किंवा एएसपी साइटवर पानाची ओळखच प्रश्नचिन्हानंतरच्या क्रमांकात असते. अपाचीचा साधा रिडायरेक्ट नियम तो भाग जुळवताना विचारात घेत नाही, त्यासाठी रीराइटचा वेगळा नियम लिहावा लागतो. हे राहून गेले तर तक्त्यातली शेकडो पाने एकाच ठिकाणी जाऊन पडतात.

लहान-मोठी इंग्रजी अक्षरे तपासा. विंडोज सर्व्हरवर ‘अ‍ॅडमिशन’ हा शब्द मोठ्या अक्षराने लिहिला काय नि लहान काय, पान उघडते. लिनक्स सर्व्हरला ते दोन वेगळे पत्ते वाटतात. होस्टिंग बदलले की काल चालणाऱ्या लिंका आज मोडतात, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. चुकीचा नियम ३०१ने लावला तर तुम्ही तो दुरुस्त केल्यावरही काहींच्या फोनवर जुनीच चूक चालू राहते. म्हणून पहिले काही दिवस ३०२ ठेवून तपासा, सगळे नीट जुळल्यावर ३०१ करा.

डोमेनच बदलत असाल तर जुने डोमेन सोडू नका. त्याचे नूतनीकरण थांबले की कोणीही ते विकत घेऊ शकते, आणि शाळेच्या जुन्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. जुन्या डोमेनचे सुरक्षा प्रमाणपत्रही चालू ठेवा. ते संपले तर ब्राउझर आधी धोक्याचा इशारा दाखवतो, आणि तुमचा रिडायरेक्ट कितीही नेमका असला तरी माणूस तिथपर्यंत पोहोचत नाही.

देवनागरी पत्त्यांची अडचण

मराठी साइटवर एक जादा काळजी लागते. पानाच्या पत्त्यात देवनागरी मजकूर असेल तर संगणक आतून प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट करतो आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे असा लिहितो. म्हणजे एका चिन्हामागे नऊ अक्षरे. ‘मुलुंड’ या शब्दात म, उकार, ल, उकार, अनुस्वार आणि ड अशी सहा चिन्हे आहेत, म्हणून हा छोटा शब्द पत्त्यात ५४ अक्षरांचा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलमध्ये अशी लांबलचक लिंक मध्येच तुटते आणि अर्धीच पुढे जाते.

वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. मराठी शीर्षक साधारण बावीस चिन्हांनंतर कापले जाते. सारखीच सुरुवात असलेली दोन शीर्षके त्यामुळे जवळपास एकच पत्ता मागतात, मग एकाच्या शेवटी आकडा लागतो. साइट हलवताना हा आकडा बदलला की एका लेखाची लिंक दुसराच लेख उघडते. ४०४ तरी दिसते, ही चूक दिसतही नाही. म्हणून हलवण्याआधी तक्त्यात असे जोडपत्ते शोधा आणि एकेक उघडून पाहा. नव्या रचनेत पत्ता छोटा ठेवा, क्रमांकाचा किंवा दोन-तीन शब्दांचा.

वर्डप्रेस प्रसिद्ध झालेल्या ‘पोस्ट’चा पत्ता बदलल्यास जुना लक्षात ठेवून वाचकाला पुढे पाठवते. ‘पेज’ प्रकारच्या पानांना ही सोय मिळत नाही. ‘संपर्क’, ‘प्रवेश’, ‘शुल्क’ ही सर्वांत महत्त्वाची पाने नेमकी पेज असतात. त्यांचे रिडायरेक्ट हाताने लावा.

सापडले नाही हे सांगायचे पान

कितीही काळजी घेतली तरी काही लोक चुकीच्या पत्त्यावर येणारच. कोणी लिंक अर्धी कॉपी केलेली असते, कोणी टाइप करताना चुकलेले असते, काही पाने खरोखर काढलेली असतात. त्यांच्यासाठी ४०४चे पान मन लावून लिहा. बहुतेक मराठी संस्थांच्या साइटवर ते सर्व्हरने दिलेले दोन ओळींचे इंग्रजी पान असते. वयस्कर माणूस ते पाहून फोन बाजूला ठेवतो.

चांगल्या पानावर साध्या मराठीत तीन गोष्टी असाव्यात. काय झाले: ‘तुम्ही उघडलेले पान या पत्त्यावर नाही. आमच्या वेबसाइटची रचना नुकतीच बदलली आहे.’ आता काय करता येईल: शोधण्याची चौकट, आणि लोक ज्यासाठी सर्वाधिक येतात अशा चार-पाच पानांच्या लिंका. माणसाशी कसे बोलता येईल: कार्यालयाचा फोन क्रमांक आणि वेळ. चूक वाचकाची आहे असे सुचवणारा शब्द नको.

पान हलके ठेवा, गर्दीच्या लोकलमध्ये रेंज अर्धवट असताना मोठे चित्र उतरत नाही. या पानावरच्या रचनेच्या फाइली आणि चित्रे यांचे पत्ते साइटच्या मुळापासून लिहायला सांगा. मोडलेला पत्ता दोन-तीन फोल्डर आतला असेल तर सापेक्ष पत्ते चुकतात आणि पान विस्कटलेले दिसते. आणि सर्व्हर या पानासोबत ४०४ हेच उत्तर देतो ना, हे तपासा. मुखपृष्ठ तपासून हे कळत नाही. मुद्दाम एक चुकीचा पत्ता टाकून पाहावे लागते.

रिपोर्टसारख्या खासगी कागदांच्या लिंकांना वेगळा न्याय लावा. त्या ठरावीक मुदतीनंतर बंद व्हायलाच हव्यात. तिथे ४१० द्या आणि त्याच पानावर लिहा की लिंकची मुदत संपली आहे, रिपोर्ट पुन्हा हवा असल्यास या क्रमांकावर फोन करा. आजारी माणसाच्या घरी त्या एका वाक्याने एक फेरी वाचते.

सुरू झाल्यानंतर

नवी साइट सुरू झाल्यावर पहिला आठवडा रोज, पुढचा महिना आठवड्यातून एकदा, आणि नंतर महिन्यातून एकदा ४०४ची नोंद पाहा. ज्या पत्त्यांवर जास्त लोक अडकत आहेत ते आधी दुरुस्त करा. नोंदीत माणूस कोणत्या पानावरून आला हेही बहुधा असते, त्यावरून मूळ लिंक कुठे आहे ते कळते. यादीत कधीच नसलेल्या पानांची मागणी दिसली तर घाबरू नका. कमकुवत साइट शोधत हिंडणारे स्वयंचलित प्रोग्राम लॉगिनची पाने चाचपून पाहतात, त्या ओळी सोडून द्या.

आपल्याच साइटवरच्या जुन्या लिंका रिडायरेक्टच्या भरवशावर ठेवू नका, त्या मूळ मजकुरात बदला. मग बाहेरचे पत्ते घ्या: गूगल मॅप्सवरची व्यवसायाची नोंद, फेसबुक पान, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, ईमेलखालची सही, मराठी विकिपीडियावरचे संदर्भ. गूगल रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवायला सांगते. ती शोधयंत्राची गरज झाली. छापलेल्या पुस्तिकेला आणि जतन केलेल्या संदेशाला मुदत नसते, म्हणून शक्य असेल तोवर रिडायरेक्ट काढूच नका.

जुनी साइट आधीच गेली असेल तरी सगळे संपलेले नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुन्या पत्त्यांच्या प्रती मिळू शकतात, आणि त्यांवरून तक्ता पुन्हा उभा करता येतो. गूगलच्या साठवलेल्या प्रतीचा आधार २०२४ मध्ये बंद झाला आहे. त्यामुळे साइट हलवण्याआधी महत्त्वाची पाने वेबॅक मशीनमध्ये स्वतःच जतन करून ठेवणे बरे.

पुढच्या वेळी मोडू नये म्हणून

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात. पत्त्यात बदलणाऱ्या गोष्टी घालू नयेत, हा त्यांचा सल्ला आजही खरा आहे. विभागाचे नाव, सॉफ्टवेअरची खूण, ‘नवीन’ किंवा ‘ताजे’ असे शब्द आज ना उद्या खोटे ठरतात आणि पत्ता बदलायला भाग पाडतात.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांत याचे चांगले उदाहरण आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी वर्ष, महिना आणि दिवसाने सुरू होणारा अठरा अंकी संकेतांक छापलेला असतो. वेबसाइटची मांडणी बदलली तरी संकेतांक तोच राहतो, आणि त्यावरून निर्णय शोधता येतो. छोट्या संस्थेलाही हे जमेल. परिपत्रकांना, अंकांना, अहवालांना स्वतःचा कायमचा क्रमांक द्या, तो कागदावर छापा आणि साइटच्या शोधात तो चालेल असे पाहा.

क्यूआर कोड छापायचा असेल तर तो स्वतःच्या डोमेनवरच्या छोट्या, कायम पत्त्याचा छापा आणि तिथून हव्या त्या पानाकडे वळवा. परक्या लिंक-लघुकरण सेवेवर छापील मजकूर टांगू नका. गूगलने आपल्या लघुकरण सेवेत नव्या लिंका बनवणे २०१९ मध्ये थांबवले आणि वापरात नसलेल्या जुन्या लिंका २५ ऑगस्ट २०२५ पासून बंद करण्याचे ठरवले. एवढ्या मोठ्या कंपनीची सेवा थांबू शकते, तर इतरांची हमी कोण देणार?

अंधेरीच्या एखाद्या एजन्सीला किंवा ओळखीच्या मुलाला काम देताना कार्यादेशात एक अट लिहा: जुन्या पत्त्यांचा तक्ता, त्यानुसार रिडायरेक्ट, मराठी ४०४ पान आणि तीन महिन्यांची देखरेख पूर्ण झाल्यावरच शेवटचा हप्ता दिला जाईल. ही अट नसेल तर साइट बांधणारा नवी पाने देतो आणि मोकळा होतो. त्याला दोष देता येत नाही, कारण जुन्या वाचकांची जबाबदारी त्याच्याकडे कोणी सोपवलेलीच नसते. ती जबाबदारी संस्थेची आहे. आज संध्याकाळी संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागे जा, दोन-तीन वर्षांपूर्वी पाठवलेल्या पाच लिंका शोधा आणि फोनवर उघडून पाहा. ज्या उघडणार नाहीत, त्यांनी तुमच्या तक्त्याच्या पहिल्या ओळी भरतील.